पाच गावांच्या सरासऱ्यांवरून मंडळाची सरासरी काढताना तीन उत्तरे येतात, खरे कोणते?

प्रश्न: बांधावरचा विद्यार्थी

नमस्कार. मी कृषी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी मराठवाड्यातील एका महसूल मंडळात सोयाबीनचे हेक्टरी सरासरी उत्पन्न काढण्याचे काम मी गेल्या खरिपात केले. मंडळात चोवीस गावे असून सोयाबीनचा एकूण पेरा ७,२०० हेक्टर आहे. त्यांपैकी पाच गावे निवडली आणि त्या गावांत मिळून वीस शेतांवर पीक कापणी प्रयोग घेतले. प्रत्येक शेतात १० मीटर बाय ५ मीटरचा प्लॉट आखला, चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकून दोरी ताणली, आतले पीक कापून ताडपत्रीवर बडवले आणि उफणलेले दाणे काट्यावर तोलले. प्लॉट पन्नास चौरस मीटरचा असल्यामुळे किलोतील वजनाला २०० ने गुणले की हेक्टरी किलो मिळतात. इथपर्यंत सारे सरळ आहे.

गावांची नावे न देता आकडे मांडतो.

गाव क: प्लॉट ४, सरासरी वजन ७.२ किलो, गावातील सोयाबीनचा पेरा ३०० हेक्टर
गाव ख: प्लॉट ४, सरासरी ६.४ किलो, पेरा २२० हेक्टर
गाव ग: प्लॉट २, सरासरी ४.५ किलो, पेरा ५२० हेक्टर
गाव घ: प्लॉट ६, सरासरी ७.८ किलो, पेरा १६० हेक्टर
गाव च: प्लॉट ४, सरासरी ५.६ किलो, पेरा ४०० हेक्टर

ग गावात चार प्लॉट ठरले होते, परंतु आम्ही पोहोचण्याआधीच दोन शेतांत हार्वेस्टर फिरून गेला होता. घ गाव डांबरी रस्त्यावर असल्याने तेथे दोन प्लॉट जास्तीचे झाले आणि वीसची संख्या भरून निघाली.

आता अडचण सांगतो. पाचही सरासऱ्यांची साधी सरासरी घेतली तर ६.३० किलो, म्हणजे हेक्टरी १,२६० किलो येतात. वीसही प्लॉटची वजने एकत्र करून वीसने भागले तर ६.६३ किलो, म्हणजे १,३२६ किलो येतात. पेऱ्याचे भार देऊन सरासरी काढली तर ५.८७ किलो, म्हणजे सुमारे १,१७५ किलो येतात. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान उत्तरात हेक्टरी दीड क्विंटलचा फरक पडतो. माझे मार्गदर्शक पहिले उत्तर धरा म्हणतात, वर्गमित्र दुसरे बरोबर असल्याचे शपथेवर सांगतो आणि मला स्वतःला तिसरे पटते, पण का पटते ते नीट मांडता येत नाही.

याच्या जोडीला दुसरी शंका आहे. वीसही प्लॉटच्या वजनांचे प्रमाण विचलन, म्हणजे वजने सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप, १.४ किलो आहे. प्रमाण त्रुटी काढताना, म्हणजे नमुन्यावरून काढलेली सरासरी साधारण किती चुकू शकते हे सांगणारी, बोलताना आपण जिला स्टँडर्ड एरर म्हणतो ती काढताना, भागायचे ते २० च्या वर्गमुळाने की ५ च्या?


उत्तर: दशांशचिन्ह

माझ्या मते वर्गमित्राचे बरोबर आहे. सरासऱ्यांची सरासरी घेऊ नये, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. एका तुकडीत साठ मुले आणि दुसरीत वीस असतील, तर शाळेची सरासरी काढताना दोन्ही तुकड्यांच्या सरासऱ्या मिळवून दोनने भागत नाहीत. प्रत्येक तुकडीला तिच्या मुलांच्या संख्येइतके वजन देतात. त्याच न्यायाने सहा प्लॉटच्या गावाला दोन प्लॉटच्या गावापेक्षा तिप्पट महत्त्व मिळाले पाहिजे, कारण सहा प्लॉटवर काढलेली सरासरी अधिक भरवशाची असते. मापे वीस आहेत, तेव्हा प्रमाण त्रुटी १.४ भागिले √२०, म्हणजे ०.३१ किलो. हेक्टरी हिशेबाने ती ६३ किलो होते.


उत्तर: चिठ्ठीपेटी

दशांशचिन्ह यांचे शाळेचे उदाहरण बरोबर आहे, परंतु ते येथे उलट बाजूने लागू होते. तुकडीतली साठ मुले ही त्या तुकडीतली सगळी मुले आहेत. घ गावातले सहा प्लॉट हे त्या गावातले सगळे प्लॉट नव्हेत. ते आपण किती मापले याची ती संख्या आहे, गाव केवढे आहे याची नव्हे. समजा साठ मुलांच्या तुकडीतल्या पाचांनाच गुण विचारले आणि वीसच्या तुकडीतल्या दहांना विचारले. मग शाळेची सरासरी काढताना आपण पाच आणि दहा हे भार वापरू का? साठ आणि वीस हेच वापरू.

म्हणून प्रथम आपली समष्टी, म्हणजे ज्याची सरासरी हवी तो संपूर्ण समूह, कोणती ते स्पष्ट करावे. मंडळातील सोयाबीनचे हेक्टरी सरासरी उत्पन्न म्हणजे मंडळाचे एकूण उत्पादन भागिले एकूण पेरा. आपल्या प्लॉटच्या मापात बोलायचे तर ७,२०० हेक्टरांचे पन्नास चौरस मीटरचे १४ लाख ४० हजार तुकडे होतात आणि त्या सर्व तुकड्यांवरील वजनांची सरासरी आपल्याला हवी आहे. ग गावात असे १,०४,००० तुकडे आहेत आणि त्यांच्या वतीने फक्त दोन प्लॉट बोलत आहेत, म्हणजे एकेक प्लॉट ५२,००० तुकड्यांच्या वतीने. घ गावात ३२,००० तुकडे आहेत आणि तेथे सहा प्लॉट आहेत, म्हणजे एकेक प्लॉट साधारण ५,३०० तुकड्यांच्या वतीने. या दोन प्लॉटना समान वजन देणे म्हणजे हार्वेस्टर कधी फिरला आणि डांबरी रस्ता कोठून जातो यावर मंडळाचे उत्पन्न ठरविणे होय. १,३२६ हा आकडा म्हणून सर्वांत आधी बाजूला ठेवावा.

उरले दोन, आणि त्यांच्यातली निवड केवळ आकडे पाहून होणार नाही. गावे कशी निवडली यावर ती अवलंबून आहे, आणि आपल्या प्रश्नात नेमकी हीच गोष्ट राहून गेली आहे.

चोवीस गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून पाच उचलल्या असतील, तर लहानमोठ्या प्रत्येक गावाला निवडले जाण्याची संधी सारखी होती. अशा वेळी पाच सरासऱ्यांची साधी सरासरी चोवीस गावांच्या सरासऱ्यांच्या साध्या सरासरीचा अंदाज देते. तोही एक आकडा आहे, परंतु तो ‘सरासरी गावाचा’ आहे, सरासरी हेक्टराचा नव्हे. गावाचा पेरा आणि तेथील उत्पन्न यांचा काही संबंध नसता तर दोन्ही आकडे जवळपास एकच आले असते. आपले आकडे पेऱ्याच्या चढत्या क्रमाने लावून पाहा: १६० हेक्टरला ७.८, २२० ला ६.४, ३०० ला ७.२, ४०० ला ५.६ आणि ५२० ला ४.५. पेरा वाढत जातो तसतसे वजन जवळजवळ ओळीने उतरत गेले आहे. याचे कारण शेतीतलेच असावे. ज्या गावात जमीन हलकी आणि पाणी कमी, तेथे दुसरे काही घेता येत नाही म्हणून सोयाबीनचा पेरा मोठा असतो. कारण काहीही असो, मोठ्या गावांतले कमी उत्पन्न साध्या सरासरीत लपून जाते. पेऱ्याचे भार देऊन काढलेले १,१७५ किलो येथे बरोबर ठरतात.

याउलट, गावे पेऱ्याच्या प्रमाणात निवडली असतील, म्हणजे ५२० हेक्टरच्या गावाची संधी १६० हेक्टरच्या गावाच्या सव्वातीनपट ठेवली असेल, तर मोठ्या गावांचा भार निवडीतच येऊन गेलेला असतो. मग पुन्हा पेऱ्याने गुणणे म्हणजे एकच माल दोनदा तोलणे होईल, आणि तेव्हा आपल्या मार्गदर्शकांचे १,२६० हेच योग्य उत्तर असेल. ही निवड करायला संगणकही लागत नाही. भारतीय सांख्यिकी संस्थेतील डी. बी. लाहिरी यांनी १९५१ साली सुचविलेली युक्ती कागदावर करता येते. १ ते २४ मधील एक यादृच्छिक संख्या घेऊन गाव ठरवावे, मग १ पासून मंडळातील सर्वांत मोठ्या पेऱ्यापर्यंतची दुसरी यादृच्छिक संख्या घ्यावी. ती त्या गावाच्या पेऱ्याइतकी किंवा त्याहून कमी असेल तर गाव ठेवावे, नसेल तर सोडून पुन्हा सुरुवातीपासून सुरू करावे. लहान गावे आपोआप जास्त वेळा गळतात. आपल्या मार्गदर्शकांच्या मनात कदाचित हीच पद्धत असेल, म्हणून ते चुकले असे मी एकदम म्हणणार नाही.

चिठ्ठ्यांच्या पद्धतीत आणखी एक अंदाज पुस्तकांत सापडतो, त्याचाही उल्लेख करतो, कारण तो तत्त्वतः सर्वांत सोवळा आहे. पाच गावांचे अंदाजित उत्पादन चोवीस गावांपर्यंत वाढवून त्याला ७,२०० ने भागायचे. त्यात झुकाव, म्हणजे परिभाषेतली अभिनती, मुळीच नाही. तरीही उत्तर येते १,२५३ किलो. हा फुगवटा कोठून आला? आपल्या पाच गावांचा सरासरी पेरा ३२० हेक्टर आहे आणि मंडळाचा ३००. चिठ्ठीत गावे जरा मोठी निघाली एवढ्यावरून उत्पन्न पावणेसात टक्क्यांनी चढले. पेऱ्याच्या भाराची सरासरी हे गुणोत्तर असल्यामुळे अंश आणि छेद दोन्हींत मोठी गावे येतात आणि हा फुगवटा निघून जातो. गुणोत्तरात अगदी लहानसा झुकाव असतो आणि गावांची संख्या वाढली की तो लवकर मावळतो. तेवढी किंमत देऊन आपण बरीच स्थिरता विकत घेतो. मी स्वतः हा सौदा डोळे झाकून करीन.

आता प्रमाण त्रुटीकडे वळतो. एकाच गावातले चार प्लॉट ही चार स्वतंत्र मापे नव्हेत. त्यांच्यावर तोच पाऊस पडला, त्यांची जमीन साधारण एका जातीची आणि पेरणीही बहुधा त्याच आठवड्यातली. चौथा प्लॉट मोजून त्या गावाविषयीचे ज्ञान थोडे वाढते, परंतु न निवडलेल्या एकोणीस गावांविषयी तो काहीच सांगत नाही. चढउतार मोजायचा तो गावागावांमधला. साध्या सरासरीसाठी ६.३० पासूनचे फरक ०.९, ०.१, −१.८, १.५ आणि −०.७ असे आहेत. त्यांच्या वर्गांची बेरीज ६.८०, तिला चारने भागून १.७०, तिला पाचने भागून वर्गमूळ काढले की ०.५८ किलो. पेऱ्याच्या भाराच्या सरासरीसाठी प्रत्येक गावाचा ५.८७ पासूनचा फरक त्याच्या पेऱ्याने गुणून हेच गणित करावे आणि शेवटी पाच गावांच्या सरासरी पेऱ्याने, म्हणजे ३२० ने, भागावे. ते मी केले आणि ०.६२ किलो आले, म्हणजे हेक्टरी १२४ किलो. वीसच्या वर्गमुळाने भागून मिळालेल्या ६३ च्या ते जवळजवळ दुप्पट आहे. अनिश्चितता प्रत्यक्षात आहे त्याच्या निम्मी दाखविणे, ही सर्वेक्षणांच्या अहवालांत मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक आहे.

त्यात गावे पाचच असल्यामुळे ९५ टक्के विश्वास अंतरालासाठी, म्हणजे खरे उत्तर ज्यात असण्याचा ९५ टक्के भरवसा धरतात त्या पट्ट्यासाठी, प्रमाण त्रुटीला १.९६ ने गुणण्याची नेहमीची रीत चालणार नाही. मुक्ती मात्रा, म्हणजे गावांच्या संख्येतून एक वजा करून उरणारी संख्या, चार, म्हणून टी सारणीतला गुणक २.७७६ घ्यावा. लहान नमुन्यांचे हे गणित विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीशाळेत काम करताना त्यांना मोजक्याच मापांवर निष्कर्ष काढावे लागत. त्यांच्या गुणकाने आपले उत्तर १,१७५ उणे-अधिक ३४५ होते, म्हणजे ८३० ते सुमारे १,५२०. चोवीसपैकी पाच गावे उचलल्याबद्दलची मर्यादित समष्टीची सुधारणा लावली तर हे अंतर साधारण दहाव्या हिश्शाने आटते, त्याहून जास्त नाही.


उत्तर: निवृत्त पर्यवेक्षक

मी नोकरीत असताना अनेक हंगाम पीक कापणी प्रयोगांवर देखरेख केली आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. चिठ्ठीपेटी यांचे गणित मला मान्य आहे. ते उत्तर वाचून माझ्या डोळ्यांसमोर मात्र दोरी उभी राहिली.

सरासरी घेतल्याने कमी होते ती उलटसुलट पडणारी चूक. सगळ्या प्लॉटमध्ये एकाच दिशेला पडणारी चूक वीस काय, दोन हजार प्लॉट घेतले तरी तसूभर कमी होत नाही. पीक कापणीत अशी चूक दोरीजवळ राहते. दोरीच्या रेषेवर उभे असलेले झाड आत धरायचे की बाहेर, याचा नियम असतो. झाडाचे बूड कोठे आहे ते पाहायचे. परंतु विळा चालविणाऱ्याचा हात भरल्या झाडाकडे जातो आणि रेषेवरची झाडे आत ओढली जातात. समजा, चारही बाजूंना फक्त पाच सेंटिमीटरची पट्टी अशी जास्तीची कापली गेली. १० बाय ५ चा प्लॉट मग १०.१ बाय ५.१ होतो, म्हणजे ५१.५१ चौरस मीटर; वजन तीन टक्क्यांनी वाढते. हीच पाच सेंटिमीटरची पट्टी १ मीटर बाय १ मीटरच्या चौकटीभोवती पडली तर क्षेत्र १.२१ चौरस मीटर होते आणि वजन एकवीस टक्के जास्त येते. प्लॉट लहान तितका काठ मोठा, हे एकदा मनावर ठसले की मोठे प्लॉट आखायचा कंटाळा येत नाही.

आपल्या देशात १९४० च्या दशकात या मुद्द्यावर मोठा वाद झडला होता. बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस लहान वर्तुळाकार कापण्या पुष्कळ संख्येने घेत असत, कारण तेवढ्याच खर्चात जास्त जागांचा अंदाज मिळतो. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्या वेळी कृषी संशोधन परिषदेत होते. लहान प्लॉटमधून उत्पन्न पद्धतशीरपणे फुगवून येते, हे त्यांनी वेगवेगळ्या आकारांचे प्लॉट शेजारी शेजारी कापून दाखविले आणि मोठ्या आयताकृती प्लॉटचा आग्रह धरला. संख्या वाढवून काय साधते आणि काय साधत नाही, हे मला तरी त्या वादातून कोणत्याही सूत्रापेक्षा जास्त स्पष्ट कळले.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. मळणीच्या दिवशी तोललेले दाणे किती ओले होते? १८ टक्के ओलाव्याचे ७.२ किलो सोयाबीन १२ टक्क्यांवर आणले तर ६.७१ किलोच भरते. एका गावाला उघडीप मिळाली आणि दुसऱ्याला परतीच्या पावसाने गाठले, तर आपण उत्पन्नाची नव्हे, पाण्याची तुलना करीत बसतो.

तिसरा मुद्दा प्रश्न म्हणून विचारतो. घ गावातले जास्तीचे दोन प्लॉट कसे निवडले? गट नंबरांच्या यादीतून यादृच्छिक संख्येने काढले आणि शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून ठरल्याप्रमाणे अंतर मोजून आखले, की गाडी थांबली तेथले शेत बरे दिसले म्हणून घेतले? राग मानू नये. हा प्रश्न मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला विचारला आहे, आणि मलाही माझ्या वरिष्ठांनी विचारला होता.


प्रतिसाद: बांधावरचा विद्यार्थी

सर्वांचे आभार. काल रात्री वह्या काढून तपासल्या.

गावे चिठ्ठ्या टाकूनच निवडली होती. चोवीस नावे एका डब्यात घालून मार्गदर्शकांच्या खोलीत पाच उचलल्याची तारखेसह नोंद आहे. तेव्हा पेऱ्याच्या भाराची सरासरीच घ्यावी लागेल. मार्गदर्शकांना चिठ्ठीपेटी यांचे उत्तर दाखविले. ते म्हणाले की त्यांच्या डोक्यात त्यांच्या स्वतःच्या प्रबंधाची पद्धत होती आणि त्यात गावे क्षेत्राच्या प्रमाणात निवडलेली होती.

ओलावा सर्व प्लॉटचा मोजला होता आणि वर दिलेली वजने १२ टक्क्यांवर आणूनच दिली आहेत. हे मी प्रश्नात लिहायला हवे होते. रेषेवरच्या झाडांविषयी मात्र माझ्या वहीत काहीही नोंद नाही.

घ गावाविषयीची शंका खरी निघाली. त्या सहांपैकी चारच शेते यादीतून काढलेली होती. उरलेली दोन रस्त्याकडेची, शेतकरी ओळखीचे निघाले आणि पीकही चांगले होते. त्यांची वजने ८.२ आणि ८.६ किलो आहेत. ती वगळली तर घ ची सरासरी ७.८ वरून ७.५ वर येते. मग पुन्हा हिशेब केला. पेऱ्याच्या भाराची सरासरी हेक्टरी १,१७५ वरून १,१६९ झाली, म्हणजे जेमतेम सहा किलोंचा फरक. प्लॉटच्या संख्येची सरासरी मात्र १,३२६ वरून १,२८७ वर आली. दोन शेते वगळताच एकोणचाळीस किलो घसरली.

आता एक नवी शंका. मंडळात ही पाचच गावे असती आणि सगळी घेतली असती, तरीही प्रमाण त्रुटी गावागावांमधल्या फरकावरूनच काढायची का?


उत्तर: चिठ्ठीपेटी

नाही, आणि ही शंका फार मोलाची आहे. एकही गाव बाहेर राहिले नसते, तर गावागावांमधला फरक ही अनिश्चितता उरली नसती. ती माहीत असलेली वस्तुस्थिती झाली असती. गावे मग स्तर ठरतात, म्हणजे प्रत्येकातून नमुना घेतलेले गट. सरासरी पेऱ्याच्या भारानेच काढायची, परंतु त्रुटी येते ती गावाच्या आतल्या चढउतारातून. आपल्या मूळ वीस प्लॉटच्या आकड्यांवरून गावाच्या आतले प्रमाण विचलन ०.९७ किलोच्या आसपास निघते. प्रत्येक गावाच्या पेऱ्याच्या वाट्याचा वर्ग भागिले त्या गावातले प्लॉट, अशा पाच पदांची बेरीज करून त्याला या विचलनाच्या वर्गाने गुणावे आणि वर्गमूळ काढावे. उत्तर ०.२८ किलो, म्हणजे हेक्टरी ५६ किलो येते. तेच वीस प्लॉट आणि तीच वजने, पण चोवीसपैकी पाच गावे उचलली असतील तर १२४ आणि पाचही गावे घेतली असतील तर ५६.

त्या पाच पदांपैकी एकट्या ग गावाचे पद बेरजेच्या त्रेसष्ट टक्के आहे. पेरा सर्वांत मोठा आणि प्लॉट दोनच, याचा हा परिणाम. वीस प्लॉट पेऱ्याच्या प्रमाणात ४, ३, ६, २, ५ असे वाटले असते तर ५६ च्या जागी ४४ आले असते, आणि एकही जास्तीचा प्लॉट कापावा लागला नसता.

आपल्या प्रत्यक्ष पद्धतीत, म्हणजे चिठ्ठ्यांच्या निवडीत, पुढच्या हंगामासाठी याहून मोठा फायदा दुसरीकडे आहे. साध्या सरासरीच्या ढोबळ हिशेबाने पाच गावांत चार-चार प्लॉट घेतले तर प्रमाण त्रुटी हेक्टरी ११५ किलो, दहा गावांत दोन-दोन घेतले तर ८७ आणि वीस गावांत एकेक घेतला तर ६९. प्लॉट प्रत्येक वेळी वीसच. अर्थात वीस गावे फिरायला गाडीचे पेट्रोल लागते आणि गावात एकच प्लॉट असेल तर गावाच्या आतला चढउतार स्वतंत्रपणे कळत नाही; म्हणून मी दहा गावे आणि दोन-दोन प्लॉट यांवर थांबेन.


प्रतिसाद: दशांशचिन्ह

माझे पहिले उत्तर मी मागे घेतो. उत्सुकतेपोटी एक हिशेब केला तो येथे ठेवतो. पीक विम्यात नुकसानभरपाई काढताना उंबरठा उत्पन्नातून, म्हणजे ज्याखाली उत्पन्न गेले तरच भरपाई मिळते त्या ठरलेल्या पातळीतून, प्रत्यक्ष उत्पन्न वजा करून उंबरठा उत्पन्नाने भागतात आणि विमा संरक्षित रकमेने गुणतात. समजा, या मंडळाचे उंबरठा उत्पन्न १,३०० किलो असते. माझ्या १,३२६ च्या उत्तराने भरपाई शून्य झाली असती. १,२६० धरले तर रकमेच्या तीन टक्के आणि १,१७५ धरले तर साडेनऊ टक्क्यांहून अधिक. शासकीय प्रयोगांत गावे आणि प्लॉट निवडण्याचे नियम आधीच ठरलेले असतात, तेव्हा हे केवळ कल्पित उदाहरण आहे. परंतु भार कोणते घ्यावेत हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता आहे असे मी समजत होतो, ते चुकीचे होते.


उत्तर: निवृत्त पर्यवेक्षक

दोन प्लॉट वगळल्याचे प्रबंधात लपवू नये. का वगळले आणि वगळून किती फरक पडला, दोन्ही लिहावे. रेषेवरच्या झाडांची नोंद नाही, हेही एका वाक्यात लिहावे.

आणि परिशिष्टात गावांच्या सरासऱ्याच नव्हे, एकेका प्लॉटचे वजन द्यावे, विशेषतः ग गावाचे. घ ची सरासरी अर्ध्या किलोने सरकली तर मंडळाचा आकडा हेक्टरी दहा किलोंनी हलतो. ग ची तेवढीच सरकली तर साडेबत्तीस किलोंनी. त्या दोन प्लॉटवर पुष्कळ काही टांगलेले आहे. त्यांची वजने काय होती?


प्रतिसाद: बांधावरचा विद्यार्थी

३.९ आणि ५.१ किलो. पहिला प्लॉट माळावरच्या मुरमाड शेतातला, दुसरा ओढ्याकाठचा. हार्वेस्टर फिरून गेलेली दोन्ही शेतेही ओढ्याकडचीच होती. माळावर हार्वेस्टर चढत नाही. म्हणजे ग गावातून जे प्लॉट निसटले ते योगायोगाने निसटले असे मला म्हणता येणार नाही, आणि तेथील ४.५ हा आकडा कदाचित कमीच असेल. प्रबंधात मी १,१६९ उणे-अधिक ३३६ असे लिहून त्याखाली हे वाक्य जोडणार आहे. त्या दोन शेतकऱ्यांकडे विक्रीच्या मापाच्या पावत्या आहेत का, हे विचारायला रविवारी पुन्हा गावात जातो आहे.